दखल, दाखला, बेदखल: एका अरबी धातूचा पसारा

‘अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.’ ‘जखमीला रुग्णालयात दाखल केले.’ ‘महिला आयोगाने घेतली दखल.’ ‘उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात गर्दी.’ ‘आदिवासी कुटुंबे जमिनीवरून बेदखल.’ अशा ओळी मराठी वर्तमानपत्रात नेहमी दिसतात. वाचताना आपण अडखळत नाही, कारण प्रत्येक शब्द ओळखीचा असतो. पण आयोगाची ‘दखल’, दवाखान्यात ‘दाखल’ होणं, तहसीलदाराचा ‘दाखला’ आणि जमिनीवरून ‘बेदखल’ होणं यांचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर पटकन उत्तर सुचत नाही.

उत्तर अरबी भाषेत आहे. हे सगळे शब्द एकाच अरबी धातूपासून निघाले आहेत आणि त्या धातूचा अर्थ अगदी साधा आहे: आत शिरणे. एवढ्याशा अर्थातून अरबीने उत्पन्न, गृहखातं, लग्नाची पहिली रात्र, शरण आलेला माणूस, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं आणि परभाषेतून उसना घेतलेला शब्द, इतकं सगळं काढलं आहे. ते कसं जमलं हे कळलं, तर मराठीत रुळलेल्या शेकडो अरबी शब्दांकडे बघण्याची एक किल्लीच हाती येते.

आधी ‘अदखलपात्र’चा उलगडा

आपल्या फौजदारी कायद्यात गुन्ह्यांची एक मोठी विभागणी आहे. खून, दरोडा, बलात्कार यांसारखे गुन्हे दखलपात्र असतात. त्यांत पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात आणि वॉरंट नसतानाही अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात मात्र पोलीस ठाण्यात नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही विभागणी होती आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे.

‘अदखलपात्र’ म्हणजे ‘दखल घेण्याच्या लायकीचा नाही’ असा समज करून घेऊन तक्रारदार हिरमुसला होऊन परततो, कारण आपलं गाऱ्हाणं क्षुल्लक ठरवलं गेलं असं त्याला वाटतं. कायद्याला तसं म्हणायचं नाही. प्रश्न फक्त पोलिसांना त्या प्रकरणात आपणहून शिरण्याचा अधिकार आहे की नाही, एवढाच आहे. दखल म्हणजे शिरणं, हे लक्षात ठेवलं की हा फरक विसरायला होत नाही.

शब्दाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. पुढचा ‘अ’ संस्कृत, मधला ‘दखल’ अरबी, मागचा ‘पात्र’ पुन्हा संस्कृत. हा शब्द मराठी माणसांनी मराठीत घडवला. अरबी माणसाला तो कळणार नाही.

तीन व्यंजनं आणि एक वजन

मराठीत शब्दापासून शब्द करायचा असेल तर आपण सहसा मागे किंवा पुढे काहीतरी जोडतो: गाव, गावकरी, गावठाण. अरबीत जोडाजोड होतेच, पण मुख्य काम शब्दाच्या पोटात चालतं. तिथे बहुतेक शब्दांचा गाभा तीन व्यंजनांचा असतो. त्या तीन व्यंजनांना धातू म्हणू. व्यंजनं जागच्या जागी, त्याच क्रमाने राहतात. त्यांच्या मधले स्वर बदलतात, कधी एखादं व्यंजन दुहेरी होतं, कधी पुढे ‘म’ किंवा ‘त’ येऊन बसतो आणि नवा शब्द तयार होतो.

हा प्रकार मराठीला अगदीच अनोळखी नाही. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, गळणे आणि गाळणे या जोड्या बघा. व्यंजनं तीच, आतला स्वर बदलला आणि ‘आपोआप होणं’ याचं ‘कुणीतरी करणं’ झालं. आपल्याकडे हे थोड्या क्रियापदांपुरतं राहिलं. अरबीने जवळजवळ सगळी भाषा याच पद्धतीवर उभी केली.

घरातला सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. पीठ तेच, पण चकती बदलली की कधी शेव पडते, कधी चकली, कधी पापडी. अरबीत धातू हे पीठ आणि स्वरांची ठरलेली रचना ही चकती. या रचनेला अरबी व्याकरणकारांनी नाव दिलं ‘वज्न’. आपण भाजी जोखताना म्हणतो ते ‘वजन’ हाच तो शब्द. पुढे मीही रचनेला वजनच म्हणेन.

वजनालाही स्वतःचा अर्थ असतो, ही यातली खरी गंमत. पहिल्या व्यंजनानंतर ‘आ’ आणि दुसऱ्यानंतर ‘इ’ आला की ‘ते करणारा’ किंवा ‘त्या स्थितीत असणारा’ असा अर्थ होतो. द-ख-ल या धातूचं त्या वजनातलं रूप दाखिल, म्हणजे आत शिरणारा, आत असलेला. आता मराठीतले हे शब्द ओळीने वाचा: मालक, वारस, जामीन, जाहीर, कायम, हजर, शाहीर. हे सगळे मुळात याच एका वजनाचे आहेत: मालिक, वारिस, जामिन, जाहिर, काइम, हाजिर, शाइर. मराठीच्या तोंडी येताना कुठे ‘इ’ गळाली, कुठे ती दीर्घ झाली, आणि ‘शाइर’मध्ये तर ‘ह’ शिरला. तरी कान लावून ऐकलं की सातही शब्दांचा ठेका सारखाच लागतो.

दुसरं एक वजन सुरुवातीला ‘म’ आणि शेवटच्या व्यंजनाआधी ‘ऊ’ घेतं. त्याचा अर्थ ‘ज्यावर ती क्रिया झाली ते’. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं, मजकूर म्हणजे ज्याचा जिक्र, उल्लेख झाला ते, मालूम म्हणजे कळलेलं. महसूल हा शब्दही याच साच्यातला, हाती आलेलं या अर्थाचा. ‘मजूर’ मात्र या रांगेत घुसवू नका. तो दिसायला तसा असला तरी फारसी ‘मुझ्दूर’ आहे आणि त्याचा या वजनाशी काही संबंध नाही.

‘आत शिरणे’ कुठे कुठे शिरलं

आता द-ख-ल या धातूच्या मूळ घरी जाऊ. ‘दखल’ असं क्रियापद, तो आत गेला. ‘दुखूल’ म्हणजे प्रवेश. आखातात नोकरीला गेलेल्या रत्नागिरी-रायगडकडच्या मंडळींनी हा शब्द दारांवर आणि प्रवेश-परवान्यावर लिहिलेला पाहिलेला असतो. ‘मदखल’ म्हणजे शिरण्याची जागा, इमारतीचं दार. एखाद्या विषयात पहिलं पाऊल टाकायला लिहिलेल्या पुस्तकालाही मदखलच म्हणतात. आपणही अशा पुस्तकाला ‘प्रवेशिका’ म्हणतोच.

‘दख्ल’ म्हणजे उत्पन्न. घरात आत येतो तो पैसा. प्राप्तिकराला अरबीत ‘दख्लावरचा कर’ म्हणतात. मराठीने हाच विचार स्वतःच्या शब्दांत केला आहे, कारण बाजार समितीतली ‘आवक’ ही येण्यातूनच आली आहे. म्हणजे ‘उत्पन्नाचा दाखला’ या कागदात उत्पन्नाचा अरबी शब्द आणि दाखला, दोन्ही एकाच धातूचे. इराणात फारसीने ‘दख्ल’ आणखी पुढे नेला आणि दुकानदाराच्या गल्ल्यालाही तेच नाव दिलं.

‘दाखिलिय्या’ म्हणजे आतलं, अंतर्गत. अरब देशांत गृहमंत्रालयाला हेच नाव आहे. इराणात देशांतर्गत विमानसेवा ‘दाखेली’ असते. तुर्कस्तानात दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर कर ‘दाहिल’ असं छापलेलं असतं, म्हणजे कर आतच धरला आहे. तिथल्या रुग्णालयात ‘दाहिलिये’ अशी पाटी दिसली तर तो शरीराच्या आतल्या रोगांचा विभाग समजायचा.

वजन बदललं की शिरण्याची तऱ्हाही बदलते. ‘इदखाल’ म्हणजे आत घालणं. संगणकात माहिती भरण्याच्या कामाला आजच्या अरबीत हाच शब्द आहे. मधलं व्यंजन दुहेरी करून पुढे ‘त’ लावला की ‘तदख्खुल’, म्हणजे स्वतःहून मध्ये घुसणं, ढवळाढवळ. एका देशाने दुसऱ्याच्या कारभारात ‘तदख्खुल’ करू नये, अशी वाक्यं अरबी बातम्यांत कायम असतात. मधला स्वर ‘आ’ केला की ‘तदाखुल’, एकमेकांत शिरणं: दोन खात्यांचे अधिकार एकमेकांत मिसळतात तसं. चर्चेत कुणी आपलं म्हणणं मांडायला मध्ये बोलतो, ती ‘मुदाखला’.

लग्नाच्या पहिल्या रात्रीला ‘लैलत अद-दुख्ला’ म्हणतात, शिरण्याची रात्र. आणि एक काळी छटाही आहे. कुराणाच्या सोळाव्या अध्यायात, ९२व्या आयतीत, आपल्या शपथा एकमेकांना फसवण्याचं साधन करू नका असं सांगितलं आहे. तिथे फसवणुकीसाठी ‘दखल’ हा शब्द आला आहे. चांगल्या वस्तूत बाहेरून शिरलेली खोट, भेसळ, असा तो अर्थ.

मला या घराण्यातला सगळ्यात भारी शब्द वाटतो तो ‘दखील’. अर्थ: बाहेरून आत आलेला. बदावी, म्हणजे वाळवंटात भटकणाऱ्या अरब टोळ्यांच्या रिवाजात जिवाच्या भीतीने पळणारा माणूस कुणाच्या तंबूत शिरला, की तो त्या घराचा दखील होतो आणि त्याला सांभाळणं ही त्या घराच्या अब्रूची बाब ठरते. सीरिया-लेबनॉनच्या बोलीत आजही गयावया करताना ‘दखीलक’ म्हणतात: मी तुझ्या आसऱ्याला आलोय, एवढं कर. आणि अरबी व्याकरणात परभाषेतून आलेल्या शब्दालाही ‘दखील’च म्हणतात. आश्रयाला आलेला माणूस आणि उसना आलेला शब्द, दोघांना नाव एकच.

नकाशावर आणि इतिहासात

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात, नाईल नदीपासून दूर, दोन मोठी मरूद्यानं आहेत. एकाचं नाव खारिजा, दुसऱ्याचं दाखिला. खारिजा म्हणजे बाहेरची. नाईलच्या खोऱ्यातून निघालं की ती आधी लागते. दाखिला म्हणजे आतली. ती आणखी पश्चिमेला, वाळवंटात खोल आहे. नावांचा अर्थ माहीत असेल तर नकाशा न बघताही कुठली आधी येणार ते सांगता येतं.

इतिहासातलं उदाहरण त्याहून ठसठशीत आहे. इ.स. ७५०मध्ये अब्बासींनी दमास्कसचं उमय्या घराणं उलथवलं आणि त्यातल्या पुरुषांची कत्तल केली. अब्द अल-रहमान नावाचा तरुण राजपुत्र निसटला. उत्तर आफ्रिका पार करून तो ७५५मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला आणि पुढच्याच वर्षी कोर्दोबाला त्याने स्वतःचं राज्य उभं केलं. अरबी इतिहासात त्याला ‘अद-दाखिल’ म्हणतात: आत शिरलेला. रुग्णालयात ‘दाखल’ झालेला पेशंट आणि कोर्दोबाचा हा अमीर, दोघांच्या मागे शब्द एकच आहे.

उलट्या दिशेचा धातू

‘खारिजा’मुळे दुसरा धातू आलाच आहे: ख-र-ज, बाहेर पडणे. तोही आपल्याकडे आहे. न्यायालयाने याचिका ‘खारीज’ केली, म्हणजे बाहेर काढली. ‘खर्च’ हा शब्दही ‘खर्ज’ या अरबी शब्दाचं फारसीमार्गे आलेलं रूप आहे. खिशातून बाहेर जातो तो पैसा. फारसीत आजही उत्पन्न आणि खर्चाला ‘दख्ल-ओ-खर्ज’ म्हणतात. मराठीने त्या जोडीतला खर्च ठेवला, पण दख्लाच्या जागी तिसऱ्याच अरबी धातूतला शब्द बसवला, गोळा करणे या अर्थाच्या धातूतला ‘जमा’. म्हणून आपला हिशेब जमाखर्चाचा.

अरबीतला ख-र-जचा पसाराही असाच आहे. परराष्ट्र मंत्रालय ‘खारिजिय्या’. पदवी घेऊन विद्यापीठाबाहेर पडणं म्हणजे ‘तखर्रुज’. चित्रपटाचा दिग्दर्शक ‘मुख्रिज’, म्हणजे बाहेर आणणारा, पडद्यावर उतरवणारा. सौदीत नोकरी केलेल्या कुणालाही ‘खुरूज’ विचारा. देश सोडण्याचा परवाना कधी मिळतो यावर त्याची सुट्टी ठरलेली असते.

एकाच वजनात दोन उलट्या अर्थाचे धातू घातले, तर दाखिल-खारिज, दाखिलिय्या-खारिजिय्या, दुखूल-खुरूज अशा जोड्या आपोआप तयार होतात. अरबी शिकणाऱ्याला या शिस्तीचा फार आधार होतो. एका धातूची रूपं नीट कळली की दुसऱ्याची निम्मी ओळखता येतात.

मराठीत आल्यावर काय झालं

हे शब्द अरबांनी थेट आणून दिले नाहीत. १३४७मध्ये दख्खनेत बहमनी राज्य स्थापन झालं. पुढे निजामशाही, आदिलशाही आली. राज्यकारभारात फारसीचं वजन मोठं होतं आणि फारसीच्या पोटात अरबी शब्द हजारोंनी होते. गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या, देशपांड्यांच्या दप्तरातून ते मराठीत झिरपले. मात्र ते सुटे सुटे आले. अरबीतली शब्द घडवण्याची यंत्रणा काही त्यांच्यासोबत आली नाही. म्हणूनच मराठी माणसाला दखल आणि दाखला हे भाऊ आहेत असं आपोआप जाणवत नाही, जसं ते अरबी मुलाला जाणवतं.

यंत्रणा नव्हती, म्हणून मराठीने आपल्या पद्धतीने काम चालवलं. फारसी ‘बे’ लागलेला बेदखल वापरला. इथे दखल म्हणजे जमिनीवरचा शिरकाव, ताबा. बंगालीत हाच अर्थ मुख्य झाला आणि तिथे ‘दखल’ म्हणजे ताबा घेणं, कब्जा. ‘दाखल’ला मराठीने चक्क शब्दयोगी अव्ययाचं काम दिलं: उदाहरणादाखल, नमुन्यादाखल, पुराव्यादाखल. उदाहरणांत जमा धरावं असं काहीतरी, ते उदाहरणादाखल.

दाखल्याची कहाणी थोडी निराळी आहे. नोंदवहीत ‘आत आलेली’ नोंद म्हणजे दाखला, मग त्या नोंदीचा उतारा, मग तो उतारा घेऊन दिलेलं प्रमाणपत्र. बंगालकडे ‘दाखिला’ म्हणजे जमिनीचा सारा भरल्याची पावती. तीही नोंद झाल्याची खूणच. हिंदी-उर्दूत मात्र ‘दाखिला’ शिरण्यावरच थांबला: ‘दाखिला लिया’ म्हणजे शाळा-कॉलेजात प्रवेश घेतला. आता मराठी वाक्य घ्या: ‘मुलाचा शाळेतून दाखला काढला.’ म्हणजे मुलाने शाळा सोडली! नागपुरात किंवा मध्य प्रदेशाच्या सीमेवर राहणाऱ्यांना ही तफावत चांगली माहीत असते. ‘आत शिरणे’ या अर्थाच्या शब्दाने शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र दाखवावं, हा उलटा प्रवास पायरीपायरीने पाहिला तर सरळच आहे. आणि दाखला हा पुरावा म्हणून दाखवता येतो, म्हणून ‘इतिहासातले दाखले देणे’ हा अर्थही त्यालाच चिकटला.

एक धातू म्हणजे एकच अर्थ का?

अरबीविषयी लिहिताना हा मोह फार होतो. धातू एक आहे ना, मग सगळ्या शब्दांना एकाच खुंटीला बांधा. याबाबतीत खुद्द अरबी कोशकार अधिक सावध होते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला इब्न फारिस याने एक कोशच असा लिहिला की ज्यात प्रत्येक धातूचा मूळ अर्थ एक की अनेक आणि ते काय, हे शोधायचं. द-ख-लबद्दल तो सांगतो, मूळ एकच आणि नियमित आहे: आत शिरणं. पण ज-म-ल या धातूपाशी तो थांबतो आणि म्हणतो, इथे मुळं दोन आहेत. एकातून गोळा होणं आणि देहाचं मोठेपण, म्हणजे उंटाला म्हणतात तो ‘जमल’ आणि आपल्या जुन्या हिशेबातला एकूण बेरजेचा ‘जुमला’. दुसऱ्यातून सौंदर्य, म्हणजे ‘जमाल’. उंट आणि सौंदर्य यांना ओढूनताणून जोडायची त्याला गरज वाटली नाही.

क्रमही महत्त्वाचा. आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमद याने अरबीचा पहिला मोठा कोश रचताना एक शक्कल केली. तीन व्यंजनं घ्यायची, त्यांचे सहाही क्रम मांडायचे आणि त्यांतले कोणते खरोखर वापरात आहेत ते तपासायचं. द, ख, ल यांचा क्रम बदलून ख-ल-द केला तर ‘चिरंतन असणं’ हा संपूर्ण वेगळा अर्थ येतो. खालिद हे नाव त्यातलं. शिरण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मूळ अर्थ तोच खरा अर्थ ना?

वादविवादात हा युक्तिवाद सतत होतो आणि तो मला धोकादायक वाटतो. ‘जिहाद’ घ्या. ज-ह-द या धातूचा अर्थ कष्ट करणं, झटणं. ‘इज्तिहाद’ म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने स्वतःच्या बुद्धीने निर्णय काढण्यासाठी केलेली खटपट, हाही त्याच धातूचा. यावरून एक बाजू म्हणते, जिहाद म्हणजे फक्त प्रयत्न. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं लपवाछपवीचं आहे. धातूकडे बघून यातलं कुणीच खरं ठरत नाही. जिहादचा अर्थ काय, हे शास्त्रग्रंथांनी, राजांनी, युद्धांनी आणि सामान्य भाविकांनी तो शब्द वेगवेगळ्या काळात कसा वापरला यावर ठरतं. अंतर्मनाशी झगडा आणि सशस्त्र लढा, दोन्ही वापर त्या इतिहासात आहेत. धातू शब्दाचं नातं सांगतो. आज त्याचा अर्थ काय, हे वापर सांगतो.

आपल्याच दाखल्यावर हे तपासा. त्याचं मूळ ‘शिरणे’ आहे म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुणी त्याच शाळेत प्रवेश मागितला, तर मुख्याध्यापक शब्दकोश उघडणार नाहीत.

मग हे परके शब्द काढून का टाकू नयेत?

ही इच्छा नवी नाही आणि तिच्यामागे राज्यकर्तेही उभे राहिले आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. स्वतःचं राज्य स्वतःच्या शब्दांत चालावं, ही त्यामागची जिद्द समजण्यासारखी आहे. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला आणि ‘दिनांक’सारखे शब्द रूढ झाले. तरी ‘तारीख’ काही गेली नाही. दोन्ही आपापल्या जागी टिकले.

अरबीलाही हा प्रश्न पडला होता. बाराव्या शतकात बगदादचा जवालीकी याने परभाषेतून अरबीत आलेल्या शब्दांचा खास कोश रचला. अशा शब्दांत आपल्या उपखंडातून निघून फारसीमार्गे गेलेलेही आहेत: नारळाचा ‘नारजील’, कापराचा ‘काफूर’, चतुरंगाचा ‘शतरंज’. अरबीने त्यांना दखील म्हटलं आणि ठेवून घेतलं. आजही ती तेच करते आणि वर त्यांना आपल्या वजनात बसवते: ‘बँक’चं अनेकवचन ‘बुनूक’, ‘फिल्म’चं ‘अफ्लाम’. मराठीने दखलचं अदखलपात्र केलं, ते याहून वेगळं नाही. ज्याला ‘प्रविष्ट’ लिहायचं त्याने लिहावं. पण ‘दाखल’ हा शब्द मराठी कागदपत्रांत शतकानुशतकं वावरलेला आहे, त्याने मराठी अव्यय होण्यापर्यंत मजल मारली आहे, आणि त्याला बेदखल करायचं तर आधी त्याची ओळख तरी नीट करून घ्यायला हवी.

तर मग ‘दाखवणे’ही याच घरातलं का?

नाही. दाखला दाखवतात, म्हणून दोन्ही एक वाटतात, पण दाखवणे हे आपलं जुनं प्राकृत क्रियापद आहे. प्राकृतात ‘दक्खवइ’ म्हणजे दाखवतो. त्याचं नातं बघण्याशी आहे, शिरण्याशी नाही. तसंच दख्खन. तिचं मूळ संस्कृत ‘दक्षिण’. आणि हक्क, हकीकत, नाहक हे एका धातूचे, तर हुकूम, हाकीम, हकीम, हिकमत हे दुसऱ्या धातूचे, जरी दोन्हींची सुरुवात ‘हक’ अशी ऐकू येत असली तरी. अरबीत पहिल्या गटातला ‘क’ घशात खोल उच्चारतात, दुसऱ्यातला आपल्यासारखा. मराठीत हा फरक पुसला गेल्यामुळे ऐकून ओळखणं अवघड होतं.

खात्री करायची असेल तर मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश उघडावा. १८५७ची त्याची दुसरी आवृत्ती आज इंटरनेटवर मोफत पाहता येते. त्यात शब्दापुढे तो कुठल्या भाषेतून आला याची खूण दिलेली असते आणि अरबीसाठी ‘ए’ हे रोमन अक्षर असतं. ती खूण दिसली की शब्दातले स्वर बाजूला ठेवा, सुरुवातीचा ‘म’ किंवा ‘त’ वजनाचा असू शकतो हे ध्यानात घ्या आणि उरलेली तीन व्यंजनं लिहून काढा. मग तहसील, महसूल आणि ‘त्यात काय हशील?’ यांतलं हशील शेजारी शेजारी ठेवून बघा. ह-स-ल, हाती लागणे. तहसीलदार महसूल का गोळा करतो, याचं उत्तर त्याच्या पदनामातच आहे.